शेजारच्या दारातली मांडी

जगात आजवर कम्युनिस्ट पुष्कळ झाले असतील. कुणी पुस्तकं वाचून झाले, कुणी गिरणीत राबून, कुणी तुरुंगात बसून. पण सोनं गाळता गाळता लाल झालेला माणूस माझ्या थोरल्या मामांखेरीज दुसरा असेल असं मला वाटत नाही. सांगली जिल्ह्याच्या उत्तरेला, विट्याच्या आसपासच्या गावांत पूर्वी शेतात कुसळाखेरीज काही उगवत नसे, तेव्हा तिथली माणसं गलाईला जात. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं, हिणकस सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करून द्यायचा धंदा. जिथे जिथे बाई कानात काही घालते तिथे तिथे आमच्याकडचा एखादा माणूस मूस आणि भट्टी घेऊन जाऊन बसलेला असायचा. मामांच्या वाट्याला केरळ आलं. घरच्यांना वाटलं, पोरगं चार पैसे मिळवील, गळ्यात गोफ घालून येईल. मामा आले ते गुडघ्याच्या वर दुमडलेली लुंगी नेसून, काखेत लाल झेंडा घेऊन. झालं होतं इतकंच, की तिकडे हरताळ फार. हरताळाच्या दिवशी भट्टी बंद, भाषा येत नाही, खोलीत बसून करायचं काय, म्हणून मामा मोर्चा बघायला गेले. मोर्चात चहा मिळाला. दुसऱ्या हरताळाला ते चहासाठी गेले, आणि तिसऱ्याला त्यांना घोषणा पाठ झाल्या होत्या. "अर्थ नंतर कळला," ते सांगतात, "पर छाती पयल्या दिवशीच भरून आली हुती."

तेव्हापासून आजपर्यंत, म्हणजे मामांचे केस पिकून, गळून, उरलेले पुन्हा पांढरे होईपर्यंत, त्यांची छाती काही रिकामी झालेली नाही. आता गावात योजनेचं पाणी आलं, कुसळांच्या जागी ऊस आला, गलाईवाल्यांचे बंगले उठले. मामा मात्र अजून लुंगी दुमडून कट्ट्यावर बसतात आणि तांबडं बॉलपेन घेऊन वर्तमानपत्र तपासतात. वाचतात म्हणत नाही मी, तपासतात. उद्योगपतीचा फोटो आला की त्याला मिशा काढतात. संपाची बातमी आतल्या पानावर गेली असेल तर पहिल्या पानाच्या कोपऱ्यात 'पान सात बघा' असं स्वतः लिहून ठेवतात, कारण त्यांच्यानंतर तेच वर्तमानपत्र निम्मी आळी वाचते. देव ते मानत नाहीत. पण दर शनिवारी मारुतीच्या देवळासमोर रस्त्याच्या पलीकडे उभे राहतात आणि ओरडून विचारतात, "झाली काय रं आरती? मग शिरा आना की हिकडं!" एकदा मी त्यांना म्हटलं, "मामा, देव मानत नाही तर त्याचा शिरा कसा चालतो?" तर म्हणाले, "रवा शेतकऱ्याचा, साखर ऊसतोड्याची, तूप म्हशीचं. देवाचं त्यात काय हाय, दाखीव."

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा लढा ते स्वतःच्याच विरुद्ध लढले. झालं असं, की त्यांच्या शेतात भुईमूग खुरपायला बायका आल्या होत्या. बायका गाणी म्हणत मजेत खुरपत होत्या. मामा बांधावर उभे राहिले आणि त्यांनी शोषण म्हणजे काय, संघटना म्हणजे काय, रोजगार वाढवून कसा मागायचा, यावर दुपारपर्यंत भाषण केलं. बायका शहाण्या. त्यांनी खुरपी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पटलं बगा. वाढवा मग." मामांना इतका आनंद झाला, की तेही बायकांच्या शेजारी बांधावर जाऊन बसले आणि 'मालकाचा धिक्कार असो' ही पहिली घोषणा त्यांनीच दिली. अखेर मामी घरून आल्या. त्यांनी बायकांना रोजगार वाढवून दिला, सगळ्यांना ताक पाजलं, आणि नवऱ्याकडे एक खुरपं भिरकावून म्हणाल्या, "तुमच्या भाषणात निम्मं रान ऱ्हायलं. आता तुमी उरका." मामांनी संध्याकाळपर्यंत खुरपलं. त्यांच्या लेखी तो विजयच होता. "मालकाला कामाला लावला गड्या," असं ते अजून सांगतात.

असल्या माणसाची एकुलती एक मुलगी अमेरिकेला जावी हा नियतीचा विनोद म्हणायचा. मामांनी तिचं नाव हौसेनं समता ठेवलं. समता हुशार निघाली, इंजिनिअर झाली, इंजिनिअरशीच लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर अमेरिकेला निघाली. विमानतळावर मामा तिला म्हणाले, "जा बाई. पर त्या देशात मी पाऊल ठिवनार न्हाई, सांगून ठिवतो." असा बहिष्कार टाकल्याची अमेरिकेला अजून कल्पना नाही. मामांनी मात्र तो कसोशीनं पाळला. समताला मूल झालं तेव्हा मामी एकट्या गेल्या, बाळंतपण करून सहा महिन्यांनी परतल्या. त्या सहा महिन्यांत मामा रोज स्वतःच्या हातानं भाकरी थापत होते, आणि ती इतकी वाईट व्हायची की म्हैससुद्धा आधी वास घ्यायची. मामींनी येताना लेकीनं दिलेलं कायकाय आणलं. मामांनी जाकीट परत केलं, चॉकलेटं आळीत वाटून टाकली. पाठीला लावायचं विजेवरचं एक मसाज यंत्र होतं, तेही ते परत करणार होते, पण सवयीनं त्यांनी ते उलटं करून बघितलं. खाली लिहिलं होतं, मेड इन चायना. मामांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "हे ऱ्हाऊ दे." आता रोज दुपारी त्यांच्या खोलीतून त्याचा घर्रर्र आवाज येतो.

आता धाकट्या मामांविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय थोरल्यांची गोष्ट म्हणजे एका चाकाची बैलगाडी. धाकटे मामा सैन्यात होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले. सगळं गाव त्यांना सुभेदारच म्हणतं. रोज पहाटे दाढी, बुटाला पॉलिश, आणि विचार थोरल्यांच्या जितके उलट असता येतील तितके उलट. घर एकच, मधे भिंत, पुढे दोन दारं आणि दोघांना मिळून एक कट्टा. कट्ट्याच्या एका टोकाला थोरले त्यांचं वर्तमानपत्र घेऊन बसत, दुसऱ्या टोकाला सुभेदार त्यांचं. मधल्या जागेत जो सापडेल त्याला दोन्हीकडच्या बातम्या ऐकाव्या लागत. सुट्टीत गेलो की मीच सापडत असे. माझे स्वतःचे राजकीय विचार विचाराल, तर मी साताऱ्यात सरकारी कचेरीत आहे. आम्हाला विचार असण्याची सोय नाही. मी दोघांकडे आळीपाळीनं मान हलवायचो. त्यामुळे थोरले मला लोचट म्हणायचे, धाकटे मला पळपुटा म्हणायचे, आणि आमच्या घरी मला दोघांचा लाडका भाचा म्हणायचे.

ही भांडणं इतकी वर्षं मजेत चालली होती, कारण ती तोंडानं चालली होती. तोंडातला शब्द कट्ट्यावरून खाली सांडतो आणि संध्याकाळी झाडून निघतो. पण मग माझ्यासारख्या एका उत्साही माणसानं कुटुंबाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. खरं सांगायचं तर मीच काढला. सुभेदारांनी सकाळी त्यावर काहीतरी टाकावं, थोरल्यांनी त्याला बोलून उत्तर द्यावं. त्यांना टाइप करता येत नाही, पण सहा मिनिटं बोलता येतं. एका निवडणुकीच्या दिवसांत हे फार तापलं. सुभेदारांनी लिहिलं, 'देशद्रोही'. थोरल्यांनी उत्तरात म्हटलं, 'पगारी शिपाई'. बस्स. दोन शब्द. पण ते अमेरिकेत समताला पोचले, दुबईत सुभेदारांच्या मुलाला, विजयला, पोचले, आणि सगळ्यांना पोचल्यामुळे ते कुणालाच झाडून टाकता येईनात. दोघेही ग्रुप सोडून गेले, त्यांच्या मागोमाग बाकीचेही. आठवडाभर ग्रुपवर मी आणि मामी दोघेच उरलो होतो, आणि मामी रोज चुकून अंगठा पाठवत होत्या.

त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून बंद. कट्ट्यावर बसणं मात्र चालूच, कारण कट्टा सोडला तर हरल्यासारखं दिसेल. निरोप द्यायचा असला तर माझ्यामार्फत. मी साताऱ्यात, ते विट्याच्या पुढे. थोरल्यांचा फोन यायचा, "भाच्या, तुज्या त्या मामाला सांग, त्येची म्हस सुटलीया." मी सुभेदारांना फोन लावायचो. तिकडून उत्तर यायचं, "मला दिसतंय म्हनावं. मी कट्ट्यावरच बसलोय." मग ते मी थोरल्यांना कळवायचो, तेही त्याच कट्ट्यावर. तोवर म्हैस कुणाच्या तरी कडवळाच्या रानात शिरलेली असायची. कचेरीतले लोक मला विचारायचे, साहेब, गावाकडं डेअरी आहे का?

अशी चारेक वर्षं गेली आणि समताचा फोन आला, की ती मुलाला घेऊन येतेय, आणि त्याचं जावळ गावात काढायचं आहे. पोर दीड वर्षाचं झालं होतं. अमेरिकेत त्याचे केस डोळ्यांवर येत होते, लोक मुलगी समजत होते, तरी तिनं कात्री लावली नव्हती. थोरल्या मामांनी आधी तत्त्वाचा प्रश्न उभा केला. केस हे केस आहेत, ते कुठंही कापावेत, त्याला विधी कशाला? समता तिकडून म्हणाली, "आप्पा, माझं जावळ काढलं होतं का?" मामा म्हणाले, "ते तुज्या आईनं माज्या माघारी काडलं. मी केरळात हुतो." "मग याचं तुमच्या समोर काढायचंय," ती म्हणाली, "म्हणून तर येतेय. एवढी वर्षं इथं आहे, आप्पा. याला गाव म्हणून एक दिवस तरी असू दे." मामांनी लुंगी सोडून पुन्हा दुमडली. मग त्यांनी जाहीर केलं, की ते हजर राहतील, पण निरीक्षक म्हणून.

खरी अडचण नंतर उभी राहिली. आमच्याकडे जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसतं. मामाची मांडी नसेल तर जावळ नाही. समताला सख्खा भाऊ नाही. सख्खा नाही तर चुलत, आणि चुलत भाऊ एकच, सुभेदारांचा विजय. म्हणजे मांडी होती दुबईत, आणि तिला हाक मारायचा रस्ता शेजारच्या दारातून जात होता. थोरल्यांनी मला फोन केला, "भाच्या, तूच दे की मांडी. तुजी काय वाईट हाय?" मी खूश होऊन तयारही झालो. पण फोन मामींनी हिसकावून घेतला. "लाज वाटती का रं?" त्या मला म्हणाल्या, "समीशी तुजंच लगीन लावायचं चाललं हुतं एकेकाळी. तू तिच्या पोराचा मामा हुतोस व्हय?" हे खरं होतं. आतेभावाला मामाची मुलगी करतात, त्यानं तिच्या मुलाचा मामा व्हायचं म्हणजे गावात हसंच झालं असतं. समतानं त्या वेळी मला नाकारलं होतं हेही खरं. तेव्हा तिनं दिलेलं कारण असं, की मी फार मान हलवतो.

मी म्हटलं, "मामा, मी सांगतो सुभेदार मामांना." इथं मात्र मामा वेगळेच बोलले. "न्हाई," ते म्हणाले. "म्हस सुटल्याचा निरोप तुज्याकडनं धाडीन. ह्यो न्हाई. मांडी मागायची तर आपुन हून जाऊन मागायची असती." आणि ते जाईनात. समताची तिकिटं निघाली, तारीख जवळ आली, मामी रोज विचारायच्या, "गेला हुता का?" मामा रोज लुंगी नीट करून उठायचे, शेजारच्या दारापर्यंत जायचे, तिथल्या तुळशीला नको असताना पाणी घालायचे आणि परत यायचे. नास्तिकानं महिनाभर घातलेलं ते पाणी. तुळस सडायला आली. सुभेदार आतून बघत. त्यांनाही मांडीचं सगळं माहीत होतं, आळीत कुणाला नव्हतं! पण ते शिस्तीचे. मागितल्याशिवाय द्यायचं नाही, आणि ज्यानं पगारी शिपाई म्हटलं त्याच्या तोंडून शब्द आल्याशिवाय तर नाहीच नाही.

यातून वाट काढली ती विहिरीवरच्या मोटरनं. विहीर दोघांत एक, मोटर एक, पाणी वारानं वाटून घेतलेलं. या मोटरला अलीकडे सिमकार्डाचा स्टार्टर बसवलाय. घरी बसून त्या नंबरवर फोन लावायचा, एक दाबायचा, की विहिरीवर मोटर सुरू होते आणि फोनमधून एक बाई सांगते, मोटर सुरू झाली आहे. ती बाई म्हणजे ध्वनिमुद्रण, हे मामांना पक्कं ठाऊक आहे. तरी त्यांना तिची कणव. "रात न्हाई, दिस न्हाई, कुनाचाबी फोन आला की उटायचं. रजा न्हाई, ओव्हरटाइम न्हाई," असं म्हणून ते तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. जेवलीस का, आज लाइट कमी दाबाची आहे, सांभाळून घे, असलं काहीबाही. हळूहळू ही त्यांची सवयच झाली. कट्ट्यावरच्या बंद पडलेल्या बोलण्याची भरपाई म्हणा हवं तर.

तर एके दिवशी स्टार्टर बिघडला. सुभेदारांनी तो उघडला, त्यातलं सिमकार्ड काढलं आणि कार्ड चालतंय का हे बघायला स्वतःच्या जुन्या फोनमध्ये घातलं. ही गोष्ट त्यांनी भावाला सांगितली नाही, कारण बोलणं बंद. नेमका पाण्याचा वार थोरल्यांचा. त्यांनी घरून मोटरला फोन लावला, आणि तो विहिरीच्या काठावर सुभेदारांच्या हातात वाजला. सुभेदारांनी नाव बघितलं, उचलला, आणि गप्प राहिले. पुढचं मला खुद्द सुभेदारांनी सांगितलं. ते औषधं न्यायला साताऱ्याला येतात तेव्हा माझ्याकडे जेवतात. एरवी ताठ बसून जेवणारा हा माणूस त्या दिवशी ताटावर वाकून, माझ्याकडे न बघता सांगत होता.

थोरले म्हणाले, "का गं बाई, आज बोलंनास? घसा बसला काय?" सुभेदारांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बस घटकाभर. तुजं बरं हाय, एक दाबला की बोलाय येतंय. मला त्येवडंबी जमंना. समी येतीया माजी. नातवाला मांडी पायजे. मांडी शेजारच्या दारात हाय, आन् माजी जीब टाळूला चिकाटती." मग म्हणाले, "त्येला मी पगारी शिपाई म्हनलो गं. त्यो लडाईवर हुता तवा मी केरळात भट्टीम्होरं रेडिओला कान लावून बसायचो. त्यांची भाषा धड कळायची न्हाई. नावं वाचत्यात काय, त्येचं येतंय काय, येवडंच ऐकायचो. मालक म्हनायचा, सोनं जळतंय बग. म्हनलं, जळू दे. आन् त्येलाच मी म्हनलो पगारी शिपाई. कसं जाऊ सांग त्येच्या दारात?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी सुभेदारांना विचारलं.

"काय म्हनू?" ते म्हणाले. "बोललो असतो तर जलमात परत फोनला हात लावला नसता त्येनं. उटलो, पेटीत हात घालून मोटर हातानं चालू केली. पानी गेलं त्येच्या पाटात. तवा मोटरचा आवाज ऐकून फोनमदनं म्हनतोय कसा, 'झाली बग चालू. न बोलता काम करतीस, गुनाची हाईस.'" एवढं सांगून सुभेदार उठले, हात धुवायला गेले, आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभे राहिले.

मोटर चालू केली त्याच संध्याकाळी त्यांनी विजयला दुबईला फोन केला होता आणि दुसऱ्या दिवशी मला. "त्यांना सांग, विजय येनार हाय त्या टायमाला. असंच. रजा शिल्लक हाय त्याची." मी थोरल्यांना कळवलं. थोरले म्हणाले, "असंच येतोय तर म्हनावं, बसंल का जरा मांडी घालून?" पण मग लगेच, "न्हाई न्हाई, तू सांगू नगंस. मीच बगतो." आणि या वेळी ते खरोखर शेजारच्या दारात गेले. सुभेदार दाढी करत होते. थोरले आरशातल्या भावाकडे बघून म्हणाले, "जावळ हाय रविवारी." सुभेदारांनी आरशातूनच उत्तर दिलं, "रजा घेतली त्येनं." दोघांच्या मते हे बोलणं नव्हतं, आरशाला सांगितलेलं बोलण्यात धरत नाहीत.

मग प्रश्न जागेचा. सुभेदारांचं म्हणणं मारुतीच्या देवळात, थोरल्यांचं म्हणणं देवळाखेरीज कुठंही. आठ दिवस पुन्हा साताऱ्यामार्गे वाटाघाटी झाल्या. शेवटी असं ठरलं, की मांडव देवळासमोरच्या रस्त्यात घालायचा. म्हणजे देवाला सगळं दिसेल आणि थोरल्यांना देवळात आल्यासारखं होणार नाही. त्यामुळे त्या रविवारी विट्याकडे जाणारी सगळी वाहनं दोन तास अडकली. पण बघ्यांची गर्दी झाली, आणि थोरल्या मामांना मोर्चासारखं वाटून ते खुलले. विजय पाटावर मांडी घालून बसला, समतानं पोर त्याच्या मांडीवर ठेवलं, न्हाव्यानं वस्तरा काढला, आणि पोरानं असा टाहो फोडला की मारुतीच्या देवळातले पारवे उडाले. विजयनं दुबईची खेळणी दाखवली, बरोबर आलेल्या जावयानं फोनवर इंग्रजी गाणी लावली, मामींनी साखर चारली. काही उपयोग नाही. न्हावी म्हणाला, "पोर हाललं तर मी हात लावनार न्हाई." थोरले मामा निरीक्षकाची जागा सोडून अस्वस्थपणे फेऱ्या घालायला लागले. तेव्हा सुभेदार पुढे आले, पोरासमोर ताठ उभे राहिले आणि सगळ्या पलटणीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "साव-धान!"

पोर थांबलं. हुंदका अर्ध्यात थांबला. ते टक लावून त्या मिशांकडे बघत राहिलं आणि तेवढ्यात न्हाव्यानं पुढची बट उतरवली. मग प्रत्येक बटीला एक सावधान. अखेर अखेर तर पोर हसायला लागलं आणि स्वतःच "दान!" म्हणून ओरडायला लागलं. थोरले मामा इतके मोठ्यानं हसले, की हसणं लक्षात येताच त्यांना खोकला काढावा लागला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हुकूमशाही हाय ही. पर पोराला रगत न्हाई आलं, त्येवडं खरं." आणि शिऱ्याचं पातेलं देवळातून बाहेर यायची वाट न बघता पायरीपर्यंत जाऊन त्यांनी दोन वाट्या घेतल्या. एक स्वतः खाल्ली. दुसरी घरी आणून कट्ट्यावर सुभेदारांच्या टोकाला ठेवली आणि रस्त्याकडे बघत बसले. ती वाटी रिकामी झाली, पण दोघांत एक शब्दही झाला नाही. मला वाटलं होतं, आता बोलतील. मामींनाही वाटलं होतं. समतानं तर दोघांच्या मधे बसून फोटोही काढून घेतला. त्यात ती हसतेय आणि दोन म्हातारे दोन बाजूंना विजेच्या खांबांसारखे ताठ बसलेत.

चार दिवसांनी विजय दुबईला गेला, तीन आठवड्यांनी समता अमेरिकेला. इतकी माणसं जेवून उठल्यावर घर किती मोठं होतं, हे ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना सांगायला नको. मी त्यानंतर दिवाळीच्या आसपास एका रविवारी गेलो होतो. सकाळी समताचा व्हिडिओ कॉल येतो, आठवड्यातून तेवढाच. थोरले मामा आंघोळ करून, धुतलेली लुंगी नेसून, फोनसमोर बसले होते. पोर मोठं झालं होतं, डोक्यावर पुन्हा दाट केस आले होते. ते पडद्यातून इकडेतिकडे बघत म्हणालं, "दान आजोबा?" समता हसत म्हणाली, "आप्पा, तो दर वेळी काकांनाच शोधतो हो. वाईट वाटून घेऊ नका." मला वाटलं मामांना वाईट वाटेल. मामा उठले. फोन हातात घेतला, चपला न घालता शेजारच्या दारात गेले, आणि एक शब्द न बोलता, हात पूर्ण लांब करून, फोन दारातून आत धरला. तोंड मात्र रस्त्याकडे. आपण ऐकत नाही, हे सगळ्या जगाला दिसावं म्हणून.

आतून सुभेदारांचा आवाज आला, "सावधान!" फोनमधून खिदळणं आलं. पोरानं काहीतरी सांगितलं, सुभेदारांना त्यातलं काही कळलं नसावं, तरी ते व्हय व्हय म्हणत होते. थोरल्यांनी दुसऱ्या हातानं चौकट धरली, पण फोन हलू दिला नाही. मग रेंज गेली. चित्र थिजलं, पडदा काळा झाला. मी दोन पावलांवर उभा होतो. थोरले मामा तसेच, रस्त्याकडे तोंड, हात आत.

"हात खाली घे दादा," सुभेदार म्हणाले. "अवघडंल."

मी मान हलवायचीसुद्धा विसरलो. रस्त्यावरून उसाची एक बैलगाडी गेली, ती थोरल्यांनी पूर्ण जाऊ दिली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "परत लागंल एकांद्या टायमाला. आटवड्यातनं येकदाच लागतोय."

फोन परत लागला नाही. पण दोघेही तिथून हलले नाहीत. मी चहा घेऊन परत आलो तेव्हा थोरल्यांचा हात तसाच उंबऱ्याच्या आत होता, आणि सुभेदारांनी खालून त्याच्या कोपराला आपल्या तळव्याचा टेकू दिला होता.